मूळव्याध समजून काढलेली गाठ मेलानोमा निघाली, आता पुढे काय?

पत्राचा सारांश

एका वाचकाचे वडील ६३ वर्षांचे आहेत. सात महिने त्यांना शौचाच्या वेळी रक्त जात होते आणि मूळव्याध समजून त्यावर औषधे व मलमे चालू होती. रक्त थांबेना म्हणून शेवटी मूळव्याध वाटलेला तो कोंब काढण्यात आला, आणि पॅथॉलॉजीच्या अहवालात ‘मॅलिग्नंट मेलानोमा’ (रंगपेशींचा कर्करोग) असे निदान आले. त्याखाली ‘गाठ मूळची की अन्यत्रून आलेली, हे इतर तपासण्यांवरून ठरवावे’ अशी एक ओळ आहे. बारा वर्षांपूर्वी वडिलांच्या पाठीवरचा एक तीळ काढला होता, पण त्याचे कागद घरात सापडत नाहीत. एका सर्जनांनी गुदाशय व गुदद्वार पूर्ण काढून पोटावर कायमची पिशवी लावण्याचा सल्ला दिला आहे, तर दुसऱ्यांच्या मते गाठीच्या जागेभोवतीचा भाग काढणे पुरेसे आहे. वाचकाच्या भावाचे म्हणणे असे की मेलानोमा उन्हामुळे कातडीला होतो, तेव्हा अहवालच चुकला असणार, आणि पक्की खात्री होईपर्यंत वडिलांना काहीही सांगू नये. त्या स्वतः मात्र या आजारात पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण २० टक्क्यांहून कमी असते असे वाचून खचल्या आहेत. त्या विचारतात, “निदान बरोबर आहे का? असेल तर बाबांकडे किती वेळ आहे? एवढी मोठी शस्त्रक्रिया करून त्यांचे उरलेले दिवस बिघडवावेत का? आणि मी सात महिने त्यांच्या बोलण्याकडे नीट लक्ष का दिले नाही?”

उत्तर

तुमच्या पत्रात निदान बरोबर आहे का हा प्रश्न आधी येतो आणि किती वेळ आहे हा नंतर, पण पत्राचा बहुतेक भाग दुसऱ्याच प्रश्नाने भरलेला आहे. ते साहजिक आहे. तरीही माझी पहिली विनंती अशी, की तुम्ही ज्या क्रमाने प्रश्न मांडलेत तो क्रम मोडू नका. तुमच्या हातातल्या कागदावर आजाराचे नाव आले आहे, परंतु निदान अजून पुरे झालेले नाही. गाठ कोठे सुरू झाली, ती किती खोल गेली आहे, शरीरात आणखी कोठे पोहोचली आहे आणि तिच्यात कोणते जनुकीय बदल आहेत, या चार गोष्टी कळायच्या आहेत. आणि त्या कळेपर्यंत तुम्हाला कोणीही सांगितलेला आकडा हा तुमच्या वडिलांविषयीचा आकडा नसेल.

प्रथम तुमच्या भावाची शंका घेऊ, कारण ती अनेकांच्या मनात येते. मेलानोमा हा रंगपेशींचा कर्करोग आहे, आणि या पेशी फक्त त्वचेत असतात असा आपला समज असतो. प्रत्यक्षात गर्भावस्थेत, मज्जारज्जू ज्यातून घडतो त्या पट्टीच्या कडेला या पेशी जन्म घेतात आणि तेथून शरीरभर पसरतात. बहुतेक त्वचेत जाऊन बसतात, पण काही डोळ्यात, कानाच्या आतल्या भागात, नाकाच्या व तोंडाच्या अस्तरात, काही माणसांच्या अन्ननलिकेत आणि गुदद्वाराच्या नलिकेतही राहतात. तेथे त्यांचे काम काय, हे नीट उलगडलेले नाही. पण त्या तेथे असतात, आणि जेथे पेशी आहे तेथे तिचा कर्करोग होऊ शकतो. उन्हाशी संबंध नाही हे तुमच्या भावाचे निरीक्षण मात्र बरोबर आहे. श्लेष्मल अस्तरातल्या, म्हणजे नाक, तोंड, गुदद्वार यांच्या आतल्या ओलसर आवरणातल्या मेलानोमाच्या जनुकांत सूर्यकिरणांनी केलेल्या इजेच्या खुणा जवळजवळ नसतात. त्याऐवजी गुणसूत्रांचे तुकडे पडून ते भलत्याच जागी जोडले गेलेले दिसतात. हा त्वचेच्या मेलानोमाचा भाऊबंद असला तरी त्याची घडण निराळी आहे, आणि उपचारांविषयी बोलताना हा फरक पुन्हा समोर येईल.

आजार अतिशय दुर्मीळ आहे यात शंका नाही. गुदाशयातल्या मेलानोमाची पहिली नोंद १८५७ सालची आहे, आणि तेव्हापासून आजपर्यंत त्याविषयीचे बरेचसे ज्ञान एकेका रुग्णाच्या वर्णनांतून आणि लहान लहान रुग्णसमूहांतून गोळा झाले आहे. अमेरिकेतल्या १९८५ ते १९९४ या काळातील सुमारे ८५ हजार मेलानोमा रुग्णांच्या नोंदी एकत्र करून पाहिल्या गेल्या, तेव्हा शरीरातल्या सगळ्या श्लेष्मल अस्तरांतले मेलानोमा मिळून फक्त १.३ टक्के निघाले, आणि त्यांतले साधारण चौथा हिस्सा गुदाशय व गुदद्वारातले होते. पचनमार्गात हा आजार सर्वांत जास्त तेथेच आढळतो. अन्ननलिकेत त्याहून कमी, तर जठर, लहान आतडे आणि पित्ताशय यांत फारच क्वचित. परंतु एखादी गोष्ट दुर्मीळ आहे एवढ्यावरून ती आपल्या बाबतीत खोटी ठरत नाही. अहवाल चुकला असेल का, याचे उत्तर आकडेवारीत मिळणार नाही. ते स्लाइडवर शोधावे लागेल.

मी आयुष्यभर पॅथॉलॉजीत काम केले आहे, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो. सूक्ष्मदर्शकाखाली मेलानोमा ओळखणे कधी अगदी सोपे असते. गुलाबी-जांभळ्या रंगवलेल्या पेशींत तपकिरी पूड उधळल्यासारखी दिसते, पेशींची केंद्रके मोठी असतात आणि त्यांत ठळक ठिपका असतो. पण या भागातल्या दर तीन-चार गाठींमागे एक गाठ रंगहीन असते. उघड्या डोळ्यांना ती मांसाच्या साध्या कोंबासारखी दिसते, आणि स्लाइडवर ती कधी नेहमीच्या कर्करोगाचे, कधी लिम्फोमाचे (लसिकापेशींचा कर्करोग), तर कधी सार्कोमाचे (स्नायू, चरबी अशा ऊतींचा कर्करोग) सोंग घेते. म्हणून पेशींवरच्या विशिष्ट प्रथिनांना रंग देणाऱ्या चाचण्या कराव्या लागतात. एस-१००, सॉक्स-१०, एचएमबी-४५ आणि मेलान-ए या चाचण्या पॉझिटिव्ह आणि सायटोकेरॅटिन (नेहमीच्या कर्करोगात आढळणारे प्रथिन) व लिम्फोमाच्या चाचण्या निगेटिव्ह असतील, तर निदान सहसा पक्के समजावे. एकट्या एस-१०० वर विसंबू नये, कारण ते प्रथिन इतरही काही गाठींत असते. लहान आतड्यात व जठरात तर हुबेहूब मेलानोमासारखा दिसणारा एक वेगळा सार्कोमा असतो, आणि तेथे जनुकीय चाचणी करूनच दोघांना वेगळे काढावे लागते.

यातली एक अडचण बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. या चाचण्यांत वापरला जाणारा नेहमीचा रंगही तपकिरीच असतो. गाठीत मुळातच रंगद्रव्य भरपूर असेल, तर समोर दिसणारा तपकिरी रंग चाचणीचा की पेशीचा स्वतःचा, हे सांगता येत नाही. अशा वेळी लाल रंग देणारे रसायन वापरतात किंवा आधी रंगद्रव्य धुऊन काढतात. माझ्या उमेदवारीच्या काळात अशी एक स्लाइड मी पॉझिटिव्ह म्हणून बाजूला ठेवली, तेव्हा माझ्या वरिष्ठांनी काही न बोलता त्याच गाठीची, चाचणीचे द्रव्य न लावलेली स्लाइड माझ्यासमोर सरकवली. तीही तितकीच तपकिरी होती. तेव्हापासून दुसरे मत मागणाऱ्या कुटुंबाविषयी मला कधीही राग आला नाही.

तेव्हा दुसरे मत जरूर घ्या, पण अहवालाची झेरॉक्स घेऊन नव्हे. प्रयोगशाळेकडून सर्व स्लाइड आणि मेणात बसवलेल्या ऊतीचे ब्लॉक मागून घ्या, आणि ज्यांच्याकडे कर्करोगाच्या स्लाइड नेहमी येतात अशा पॅथॉलॉजिस्टकडे ते द्या. ब्लॉक मागणे म्हणजे पहिल्या डॉक्टरांवर अविश्वास दाखवणे असे समजू नका. पुढे जनुकीय चाचणीलाही तोच ब्लॉक लागणार आहे. भावाला हे काम सोपवलेत तर त्याच्या शंकेला योग्य वाट मिळेल.

आता अहवालाच्या तळाची ती ओळ: गाठ मूळची की अन्यत्रून आलेली. हा प्रश्न विचारण्यामागे ठोस कारण आहे. पचनमार्गात सापडणारे बहुतेक मेलानोमा मूळचे तेथले नसतात, त्वचेतून आलेले असतात. मेलानोमाने मृत्यू पावलेल्यांच्या शवविच्छेदनांत ६० टक्क्यांपर्यंत रुग्णांच्या पचनमार्गात तो पसरलेला आढळला आहे, आणि जिवंतपणी त्यांतल्या मोजक्यांनाच त्याचा पत्ता लागलेला असतो. पसरताना त्याची आवडती जागा लहान आतडे असते. त्यामुळे लहान आतड्यात मेलानोमा सापडला, तर आम्ही आधी तो बाहेरून आला असेच गृहीत धरतो. गुदद्वाराच्या परिसरात मात्र रंगपेशी मुळातच असतात, आणि तेथली एकटी गाठ मूळची असण्याची शक्यता बरीच जास्त असते.

स्लाइडवर याचा सर्वांत भक्कम पुरावा गाठीच्या मध्यभागी नसतो, कडेला असतो. जेथे गाठ संपून शाबूत अस्तर सुरू होते, तेथे अस्तराच्या तळाशी विकृत रंगपेशी विखुरलेल्या किंवा वरच्या थरांत चढत गेलेल्या दिसल्या, तर आजार तेथेच सुरू झाला असे म्हणता येते. दुर्दैवाने मूळव्याध समजून काढलेल्या कोंबात ही कडा नेहमी मिळत नाही. वरचे अस्तर व्रणामुळे झिजलेले असते किंवा काढताना ऊतीचे तुकडे झालेले असतात. पॅथॉलॉजिस्टना एवढेच विचारा की कडेचे अस्तर पाहायला मिळाले का, आणि मिळाले असल्यास ब्लॉकमधून आणखी काही काप घेता येतील का.

बाकीचा शोध शरीरावर घ्यावा लागेल. त्वचारोगतज्ज्ञांनी डोक्यापासून पायापर्यंत, म्हणजे टाळू, कानांमागची जागा, तळपाय, बोटांच्या बेचक्या, नखांखाली आणि गुप्तांगे असे सर्व पाहिले पाहिजे. डोळ्यात औषध टाकून डोळ्याचा पडदा तपासला पाहिजे, नाक व तोंडाचे अस्तर पाहिले पाहिजे. पूर्ण शरीराचा पेट-सीटी स्कॅन, मेंदूचा व कटिभागाचा एमआरआय आणि मोठ्या आतड्याची पूर्ण दुर्बीण तपासणी यांतून आजार कोठवर गेला आहे हेही कळेल. त्वचेवरचा मेलानोमा कधी कधी आपोआप विरून जातो आणि मागे फक्त फिकट पांढुरका डाग उरतो, म्हणून काळे डाग शोधतानाच असे फिकट डागही डॉक्टरांना दाखवा. आणि बारा वर्षांपूर्वीचा तो तीळ! तो तेव्हा तपासणीला पाठवला होता का, हे वडिलांनाच ठाऊक असण्याची शक्यता आहे. पाठवला असेल तर प्रयोगशाळेच्या जुन्या नोंदींत त्याचा अहवाल, कदाचित ब्लॉकसुद्धा, सापडू शकेल. नुसताच जाळून किंवा कापून टाकला असेल, तर तो धागा तेथेच सोडून द्यावा लागेल. तसेही काढलेल्या तिळांपैकी बहुसंख्य साधेच असतात.

येथे तुमच्या एका गृहीताला मला हात घालावासा वाटतो. गाठ मूळची ठरली तर धोका कमी आणि पसरून आलेली असेल तर सगळे संपले, किंवा याच्या अगदी उलट, असे तुम्ही दोघांनी मनाशी धरलेले दिसते. व्यवहारात एवढी सरळ रेघ मारता येत नाही. आतड्यातली मूळ गाठ ठरवण्यासाठी वैद्यकीय लिखाणात जे निकष वापरले जातात, त्यांतला एक असा आहे की निदानानंतर १२ महिने शरीरात दुसरीकडे कोठेही मेलानोमा दिसू नये. म्हणजे काही वेळा हे उत्तर वर्षभराने, मागे वळून पाहतानाच मिळते. ते मिळेपर्यंत उपचार थांबवण्याचे काहीच कारण नाही. आजार एका जागी आहे का आणि तो पूर्ण काढता येतो का, यावर आजचा निर्णय अवलंबून आहे. मूळ जागा शोधायची ती दुसरी एखादी गाठ नजरेतून सुटू नये आणि जनुकीय चाचणीत काय अपेक्षित आहे हे कळावे म्हणून.

त्या जनुकीय चाचणीबद्दल थोडक्यात, कारण ती पुष्कळदा राहून जाते. त्वचेच्या मेलानोमात साधारण निम्म्या रुग्णांत बीआरएएफ या जनुकात बदल असतो आणि त्यावर गोळ्या उपलब्ध आहेत; श्लेष्मल मेलानोमात हा बदल बराच कमी आढळतो, पण केआयटी या जनुकातला बदल तुलनेने जास्त दिसतो, आणि असा बदल असलेल्या काही रुग्णांत इमॅटिनिबसारख्या गोळ्यांनी गाठी आक्रसतात. तेव्हा बीआरएएफ, केआयटी आणि एनआरएएस या तीन जनुकांची तपासणी मागा. एक सावधानता अशी, की अहवालात ‘सीडी-११७ पॉझिटिव्ह’ असे लिहिलेले असले तर ते केआयटीच्या प्रथिनाचे रंगणे आहे. जनुकात बदल आहे का, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी स्वतंत्र चाचणी लागते.

आता तो आकडा. तुम्ही वाचलेत ते खोटे नाही आणि मी ते सौम्य करून सांगणार नाही. वर उल्लेख केलेल्या नोंदींत त्वचेच्या मेलानोमाचे ८०.८ टक्के रुग्ण पाच वर्षे जगले, तर श्लेष्मल मेलानोमाचे २५ टक्के. गुदाशयाच्या मेलानोमाच्या बहुतेक जुन्या रुग्णसमूहांत हे प्रमाण २० टक्क्यांच्या आत राहिले आहे. हा आजार लवकर रक्तातून यकृत व फुप्फुसांकडे जातो, आणि गाठ स्वच्छ काढल्यानंतरही पुष्कळांमध्ये पुन्हा डोके वर काढतो. तुमच्या कुटुंबाने या शक्यतेकडे पाठ फिरवू नये.

पण हा आकडा कोणाचा आहे, हेही पाहा. निदानाच्याच दिवशी ज्यांच्या यकृतात आजार पोहोचला होता ते रुग्ण आणि ज्यांची लहानशी गाठ एका जागी होती ते रुग्ण, असे सगळे त्या एका टक्केवारीत मिसळलेले आहेत. तुमचे वडील यांपैकी कोणत्या गटात बसतात, हे स्कॅन होईपर्यंत कोणालाच ठाऊक नाही. गाठीची जाडी, लसिकाग्रंथींत आजार आहे का, दूरच्या अवयवांत तो पोहोचला आहे का, रक्तातले एलडीएच (पेशींना इजा झाली की वाढणारे एक विकर) वाढलेले आहे का आणि शस्त्रक्रियेत चारही बाजूंची कड निरोगी मिळाली का, यांवर पुढचा अंदाज बदलतो. पचनमार्गाच्या मेलानोमासाठी टप्प्यांची स्वतंत्र, सर्वमान्य मोजपट्टीही अजून नाही. अनेक डॉक्टर फक्त ‘एका जागी, जवळच्या ग्रंथींत, दूर’ अशी तीन पायऱ्यांची साधी विभागणी वापरतात. लेखांत ‘मध्यक आयुर्मान’ असा शब्द दिसला, तर त्याचा अर्थ तेवढ्या महिन्यांत सगळे संपते असा घेऊ नका. त्या महिन्यापर्यंत निम्मे रुग्ण जिवंत होते, एवढेच तो सांगतो. उरलेल्या निम्म्यांतले काही त्यानंतर थोडेच जगले, तर काही पुष्कळ वर्षे जगले.

शिवाय ते जुने आकडे ज्या काळातले आहेत, त्या काळात इम्युनोथेरपी नव्हती. शरीराच्या प्रतिकारपेशींवरचे लगाम सोडवणारे पहिले औषध, इपिलिमुमॅब, मेलानोमासाठी अमेरिकेत २०११ मध्ये मान्य झाले आणि निवोलुमॅब व पेम्ब्रोलिझुमॅब २०१४ मध्ये. श्लेष्मल मेलानोमावर त्यांचा परिणाम त्वचेच्या मेलानोमापेक्षा कमी होतो, हे सांगितलेच पाहिजे. अनेक चाचण्यांतले रुग्ण एकत्र करून २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात निवोलुमॅब आणि इपिलिमुमॅब एकत्र दिल्यावर श्लेष्मल मेलानोमाच्या ३७.१ टक्के रुग्णांत गाठी लक्षणीय आक्रसल्या, तर त्वचेच्या मेलानोमात ६०.४ टक्के रुग्णांत. एकट्या निवोलुमॅबने हेच प्रमाण अनुक्रमे २३.३ आणि ४०.९ टक्के होते. दोन औषधांच्या जोडीचे दुष्परिणामही बरेच तीव्र असतात. आतड्याला, यकृताला, फुप्फुसांना, थायरॉइडला सूज येऊ शकते, आणि तुमच्या वडिलांच्या बाबतीत एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी लागेल: गुदाशयाच्या शस्त्रक्रियेनंतर पातळ शौच होणे सगळे जण स्वाभाविक समजतात, पण इम्युनोथेरपी चालू असताना तेच आतड्याच्या गंभीर सुजेचे पहिले लक्षण असू शकते. ते त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचे असते.

शस्त्रक्रियेविषयी दोन सर्जनांनी दोन मते दिली म्हणून तुम्ही गोंधळलात, आणि मोठी शस्त्रक्रिया नाकारली तर आपण बाबांच्या आयुष्याची वर्षे कमी करू अशी भीती तुमच्या पत्रात दिसते. ही भीती समजण्यासारखी असली तरी उपलब्ध माहिती तिला दुजोरा देत नाही. गुदाशय व गुदद्वार पूर्ण काढलेल्या आणि फक्त गाठीभोवतीचा भाग निरोगी कडेसह काढलेल्या रुग्णांची तुलना अनेक ठिकाणी झाली आहे. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर त्याच जागी आजार उलटण्याचे प्रमाण काही अभ्यासांत कमी दिसले, पण एकूण आयुष्य वाढल्याचे स्पष्टपणे दिसलेले नाही. त्यामागचे कारणही कळण्यासारखे आहे: या आजारात माणूस बहुधा दूर पसरलेल्या आजाराने जातो आणि जागेवरची शस्त्रक्रिया कितीही मोठी केली तरी तो तिच्या आवाक्याबाहेर राहतो. म्हणून निरोगी कड मिळवता येत असेल आणि शौचावरचे नियंत्रण राखता येत असेल, तर बरेच सर्जन आज मर्यादित शस्त्रक्रियेकडे झुकतात आणि काही वेळा त्या जागेला नंतर रेडिओथेरपी देतात. माझेही मत त्याच बाजूचे आहे.

मोठ्या शस्त्रक्रियेला जागाच नाही, असे मात्र नाही. गाठ मोठी असेल, नियंत्रण ठेवणाऱ्या स्नायूत घुसली असेल किंवा मर्यादित शस्त्रक्रियेनंतर तेथेच पुन्हा आली असेल, तर तीच योग्य ठरते. दोन्ही सर्जनांना एकच प्रश्न विचारा: “तुमचे मत कटिभागाचा एमआरआय पाहून बनले आहे की त्याआधीचे आहे, आणि गाठ स्नायूपर्यंत गेलेली आहे का?” कदाचित त्यांच्यातले मतभेद त्या एका चित्राने मिटतील. पूर्ण स्कॅन झाल्याखेरीज मोठ्या शस्त्रक्रियेची तारीख घेऊ नका. यकृतात आजार असेल तर प्राधान्य औषधांना द्यावे लागेल. आणि पिशवी म्हणजे उरलेले दिवस बिघडणे, हे तुमचे गृहीतही थोडे तपासून पाहा. सतत रक्त, कळा आणि शौचावर ताबा नसणे यांपेक्षा पिशवी सुसह्य वाटलेली माणसे मी पाहिली आहेत, आणि ती कधीही नको म्हणणारी माणसेही पाहिली आहेत. यांपैकी तुमचे वडील कोणते, हे तुम्हाला किंवा भावाला ठरवता येणार नाही.

त्यामुळे वडिलांना सांगावे की नाही हा प्रश्न मी निराळा मानत नाही. ज्या माणसाला पिशवी लागायची आहे, ज्याच्या सर्व अंगाची तपासणी व्हायची आहे, ज्याने जुलाब झाल्यास त्याच दिवशी सांगायचे आहे आणि ज्याला त्या तिळाची हकिगत आठवायची आहे, त्याच्यापासून आजार लपवून हे सारे कसे होणार? भावाला वडिलांचे दुःख वाचवायचे आहे, आणि त्या इच्छेला मी वाईट म्हणणार नाही. पण लपवल्याने दुःख वाचत नाही. घरातले सगळे एकमेकांशी जपून बोलू लागतात आणि ते आजाऱ्याला सर्वांत आधी कळते.

सांगायचे म्हणजे सगळे एका दमात सांगायचे असे नाही. दुपारच्या शांत वेळी त्यांच्याजवळ बसा आणि आधी त्यांनाच विचारा: “बाबा, तपासणीत काय आले ते तुम्हाला सविस्तर ऐकायचे आहे, की निर्णयापुरतेच?” ते सविस्तर म्हणाले तर सांगा की काढलेल्या कोंबात कर्करोग सापडला आहे, तो दुर्मीळ प्रकारचा आहे, तो कोठवर गेला आहे हे पाहण्यासाठी तपासण्या करायच्या आहेत आणि त्यानंतर उपचार तुम्हाला विचारूनच ठरतील. आकडे त्यांनी विचारल्याशिवाय सांगू नका. आणि त्यांनी मला काही सांगू नका असे म्हटले, तर तोही त्यांचा निर्णय आहे. मात्र तो त्यांनी घेतलेला असावा, त्यांच्या नावाने दुसऱ्याने घेतलेला नसावा. वेदना, थकवा आणि मनाची उलघाल यांसाठी पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या डॉक्टरांची भेट सुरुवातीलाच मागा. ती फक्त शेवटच्या आठवड्यांसाठी असते, हा गैरसमज मला फार जुना आणि फार नुकसान करणारा वाटतो.

त्या सात महिन्यांविषयी आता. शौचातून रक्त जाणाऱ्या बहुतेकांना मूळव्याध किंवा चीरच असते, आणि ती शक्यता आधी धरणे चूक नव्हते. औषधांनी रक्त थांबत नसताना पुन्हा तपासणी झाली नाही, ही उणीव होती, पण तुम्ही डॉक्टरांनी सांगितलेलेच ऐकत होता. ते सात महिने वाचले असते तर काय बदलले असते, हे कोणीही प्रामाणिकपणे सांगू शकणार नाही, आणि ज्या प्रश्नाला उत्तर नाही त्याची शिक्षा स्वतःला देऊ नका. पण हे वाचणाऱ्या इतरांना सांगतो: मूळव्याधीचे औषध घेऊनही काही आठवडे रक्त चालूच राहिले, तर बोटाने तपासणी आणि प्रॉक्टोस्कोपी (गुदद्वारातून छोटी नळी घालून आत पाहणे) करून घ्या. गाठ काळी नाही म्हणून निश्चिंत राहू नका. काढलेला कोणताही कोंब प्रयोगशाळेत पाठवलाच पाहिजे, असा आग्रह धरा. घास अडकू लागला, किंवा कारण न सापडता रक्तातले लोह वारंवार कमी होऊ लागले, तर दुर्बीण तपासणी टाळू नका. आणि पूर्वी कधी, अगदी दहा वर्षांपूर्वी, त्वचेचा मेलानोमा काढलेला असेल, तर पोटाच्या कोणत्याही तक्रारीच्या वेळी ते डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा.

या आठवड्यात स्लाइड व ब्लॉक मागवा, त्वचा आणि डोळ्यांच्या तपासणीच्या वेळा घ्या, स्कॅनची तारीख ठरवा, आणि दोन्ही सर्जन, कर्करोगतज्ज्ञ व रेडिओथेरपीचे डॉक्टर सगळे कागद एकत्र बसून पाहतील अशी बैठक होऊ शकते का, हे रुग्णालयात विचारा. बाबांशी बोलणे मात्र स्कॅनच्या दिवसाआधी करा, कारण त्या विभागाच्या दारावर काय लिहिले आहे ते त्यांना वाचता येते.